खेळातून उपचार की टप्प्याटप्प्याने बोलून?

अत्याचार सोसलेल्या मुलाला घेऊन नाशिकमध्ये समुपदेशकाकडे जाणाऱ्या पालकांपुढे बहुधा या दोन वाटा येतात.

खेळोपचारात बाहुल्या, वाळू, रंग असतात. काय खेळायचं ते मूल ठरवतं, तज्ज्ञ सोबत राहतो. लहानग्याकडे घडलेल्याला शब्दच नसतात. ‘काय झालं ते सांग’ म्हणून त्याच्या मागे लागणं मला क्रूर वाटतं. अशा मुलासाठी मी आधी खेळाकडेच वळेन.

टीएफ-सीबीटी ही आघातावरची ठरावीक टप्प्यांची पद्धत. साधारण १२ ते १६ सत्रं. आधी श्वास आणि शरीर शांत करायला शिकवतात, आठवणींना हात नंतर, तोही हळूहळू. दुःस्वप्नं, ‘माझीच चूक होती’ ही टोचणी यांवर तिचा संशोधनातला आधार जास्त भक्कम आहे. शिवाय आधार देणाऱ्या पालकालाही तीत सत्रं असतात. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आईचा चेहरा घाबरलेला दिसला की मूल गप्प होतं.

सुरगाणा, पेठहून दर आठवड्याला एसटीने येणं मात्र सोपं नाही. काही सत्रं फोनवर होतील का, पहिल्याच भेटीत विचारा.

अत्याचार करणारा घरात वा शेजारीच असेल, तर आधी सुरक्षितता. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, २०२०च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती तपास आणि खटल्यात साथ देणारी सहायक व्यक्ती नेमू शकते. तिची मागणी जरूर करा.