वसतिगृहातला पीओई स्विच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सातारा जिल्ह्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाचं नेटवर्क मी सांभाळतो. नोव्हेंबरात तिथे 24 पोर्टचा पीओई स्विच (पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही देणारा स्विच) बसवला. नऊ कॅमेरे, दोन वायफाय ॲक्सेस पॉइंट आणि रेक्टरबाईंच्या टेबलावरचा आयपी फोन, सगळ्यांना डेटा आणि वीज एकाच लॅन केबलमधून. आधी प्रत्येक कॅमेऱ्याजवळ वेगळा ॲडॉप्टर होता. लाइट गेली की फाटकावरचा कॅमेराही बंद. आता स्विच यूपीएसवर आहे आणि लाइट गेली तरी फाटक दिसत राहतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी हा स्विच पुन्हा घेईन. पण पोर्टची सेटिंग्ज आली तशी सोडून चालत नाही.

पहिल्याच आठवड्यात दुसरा ॲक्सेस पॉइंट चालू होईना. केबल बदलली, पोर्ट बदलला, काही नाही. स्विचची पीओई क्षमता 195 वॅट आणि प्रत्यक्ष खप साठच्याही आत. मग अडतंय कुठे? अडत होतं राखीव ठेवलेल्या विजेत. स्विच आधी समोरच्या यंत्राचा वर्ग, म्हणजे त्याला जास्तीत जास्त किती वीज लागू शकते याचा ठरलेला गट, ओळखतो आणि त्या वर्गाची कमाल वीज त्याच्या नावावर बाजूला काढतो. आमचे कॅमेरे वर्ग 0 चे निघाले. दिवसा चार-पाच वॅट खाणाऱ्या एकेका कॅमेऱ्यामागे 15.4 वॅट अडकलेले. नऊ कॅमेऱ्यांचे 138.6, वर्ग 2 च्या फोनचे 7, वर्ग 4 च्या पहिल्या ॲक्सेस पॉइंटचे 30. झाले 175.6. उरले 19.4, आणि दुसऱ्याला हवे 30.

इथे दोन कमांड सारख्या वाटतात, आणि मी आधी चुकीची दिली. ‘पॉवर इनलाइन ऑटो मॅक्स’ने पोर्टला मर्यादा घालता येते, पण यंत्राचा वर्ग त्या मर्यादेपेक्षा मोठा असला तर स्विच त्याला वीजच देत नाही. 10 वॅटची मर्यादा घातली आणि चालू कॅमेरा बंद पडला. हवी होती ‘पॉवर इनलाइन कन्झम्प्शन’: वर्ग कोणताही असो, हिशेबात एवढेच वॅट धर. आकडा मिलिवॅटमध्ये द्यायचा, 10 वॅटसाठी 10000. मात्र तो अंदाजाने टाकू नका. अंधार पडून इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेऱ्याचा खप जवळजवळ दुप्पट होतो. मी मुद्दाम रात्री नऊला जाऊन प्रत्येक पोर्टचा आकडा वहीत उतरवला. सगळ्यात मोठा 8.3 होता, म्हणून 10 ठेवले. आता कॅमेऱ्यांचे 90, ॲक्सेस पॉइंटचे 60, फोनचे 7. एकूण 157. फाटक आणि मागच्या जिन्याच्या पोर्टला हाय प्रायॉरिटी दिली आहे, म्हणजे कधी वीज कमी पडलीच तर आधी बाकीचे पोर्ट जातील.

हे सगळं केलं आणि ‘राइट मेमरी’, म्हणजे सेटिंग्ज कायमची सेव्ह करणारी कमांड, द्यायची राहिली. जानेवारीत यूपीएसची बॅटरी बदलताना स्विच बंद केला, चालू केल्यावर सगळी सेटिंग्ज पुसलेली. वहीत आकडे होते म्हणून अर्ध्या तासात परत भरली.

सगळ्यात जास्त दमवलं ते मागच्या कुंपणावरच्या कॅमेऱ्यानं. दिवसभर ठणठणीत, आणि दिवेलागणीला दर दोन मिनिटांनी रीस्टार्ट. स्विचमध्ये काही सापडेना. शेवटी केबलचं टोक कापून आतली तार ब्लेडने खरवडली, तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम! ॲल्युमिनियमचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त. ऐंशी मीटरवर, इन्फ्रारेड लागून भार वाढला की टोकाला व्होल्टेज पुरत नव्हतं. केबल टाकणाऱ्यानं बिलात तांब्याची लिहिली होती, आणि याचा मला अजूनही राग आहे, कारण कुंपणाची ती बाजू रात्रीच सांभाळायची असते. शुद्ध तांब्याची कॅट सिक्स ओढली त्या दिवसापासून कॅमेरा एकदाही पडलेला नाही.

जुना 24 व्होल्टचा पॅसिव्ह रेडिओ (स्विचशी काही न बोलता केबलमधून थेट वीज घेणारं वायरलेस यंत्र) या स्विचवर चालला नाही, आणि ते बरोबरच आहे. समोरून साधारण 25 किलोओहमचा ठरलेला रोध मिळाल्याशिवाय स्विच पूर्ण व्होल्टेज सोडतच नाही. म्हणून तर कुणी लॅपटॉपची केबल चुकून त्याच पोर्टात खुपसली तरी धोका नसतो. रेडिओ आपल्या जुन्या इंजेक्टरवरच, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणाऱ्या वेगळ्या ॲडॉप्टरवरच, ठेवला आहे.

रोजच्या वापरात सगळ्यात उपयोगी पडलं ते घरून कॅमेरा बंद-चालू करणं. कॅमेरा अडकला की त्या पोर्टला ‘नेव्हर’ देऊन वीज बंद, दहा सेकंद थांबून पुन्हा ‘ऑटो’ देऊन चालू. पूर्वी यासाठी वॉचमन काकांना रात्री शिडीवर चढावं लागायचं. साठीच्या माणसाला ओल्या शिडीवर चढवायला मला कधीच बरं वाटलं नाही. फक्त पोर्टचा नंबर दोनदा वाचा. प्रत्येक पोर्टला डिस्क्रिप्शनमध्ये जागेचं नाव दिलंत तर गफलत होत नाही.

मे महिन्यात वळवाच्या पावसात फाटकाजवळ वीज कडाडली आणि त्या कॅमेऱ्याचा पोर्ट कायमचा गेला. बाकीचे वाचले. त्यानंतर बाहेरच्या तिन्ही केबलना विजेचा झटका अडवणारे सर्ज प्रोटेक्टर लावले आणि रॅकचं अर्थिंग नव्यानं करून घेतलं; हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

आता फाटकावर फिरणारा कॅमेरा हवा आहे. तो वर्ग 4 चा, म्हणजे 30 वॅट. जुन्या कॅमेऱ्याचे 10 सुटतील, एकूण 177 होतील, 18 शिल्लक. बसतंय. पुढच्या रविवारी आधी केबल तपासणार, मग कॅमेरा मागवणार.