ताकेदा की ताकातोरी? एका रविवारी एकच गड होणार असेल तर

ओसाकात नवा आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यात हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला पाहून येतो, आणि दुसऱ्या महिन्यात विचारतो, "ते ठीक आहे हो, पण चढायला काही आहे का?" आहे. जपानी लोक डोंगरी किल्ल्याला 'यामाजिरो' म्हणतात. बहुतेक ठिकाणी वर फक्त तटबंदीचे दगड उरलेत, त्यामुळे नावापुढे 'आतो', म्हणजे नुसती जागा, असं लागतं. ओसाकातून एका दिवसात होणारे आणि घाम काढणारे असे दोन माझ्या पाहण्यात आहेत. ह्योगोतला ताकेदा आणि नारातला ताकातोरी. (ताकेदा हे गावाचं नाव. सोळाव्या शतकातला प्रसिद्ध सरदार ताकेदा शिंगेन याच्याशी काही संबंध नाही, मीही सुरुवातीला फसलो होतो.)

उभी इमारतच पाहायची असेल तर ओकायामाकडचा बित्चू-मात्सुयामा गाठा. तिथे मूळ तेन्शू, म्हणजे गडाचा मुख्य मनोरा, अजून उभा आहे, शिवाय 2018 पासून एक मांजर अधिकृतपणे गडाचं मालक आहे. पण तो वेगळाच विषय. इथे पडक्या गडांचं बोलू.

ताकेदाची कीर्ती धुक्यामुळे. शरदात, रात्री आभाळ मोकळं असलं की मारुयामा नदीवरून धुकं उठतं, खोरं भरतं, आणि 353 मीटरवरचा गड ढगांवर तरंगू लागतो. फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. मात्र तो फोटो समोरच्या डोंगरावरून, रित्सुउन्क्योहून काढलेला असतो, हे बहुतेकांना तिथे गेल्यावर कळतं. बरोबरच आहे, गडावर उभं राहून गड तरंगताना कसा दिसणार! शिवाय ओसाकातून पहिली गाडी पकडली तरी पहाट हुकते. मी जवळच्या वादायामा गावात मुक्काम केला, अंधारात रित्सुउन्क्यो चढलो आणि तिपायांच्या रांगेत थंडीत कुडकुडत बसलो. सातच्या सुमाराला धुकं दहाएक मिनिटं खाली बसलं, दगडी कडा वर आल्या आणि सगळ्यांच्या तोंडून एकदमच 'ओऽऽ' निघालं. ती दहा मिनिटं खरंच पैसे वसूल होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

नंतर खाली उतरून स्टेशनामागच्या वाटेने गड चढलो. चाळीस मिनिटं, पायऱ्या-पायऱ्यांची चांगली वाट, राजमाची-हरिश्चंद्रगड केलेल्याला धाप लागायचं कारण नाही. आणि दगड! आनो पद्धतीचं काम, न घडवलेले दगड चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले, कोपरे मात्र वितळलेल्या मेणबत्तीसारखे खाली पसरत गेलेले. हे दगडकाम करवून घेणारा शेवटचा गडकरी आकामात्सु हिरोहिदे. सेकिगाहाराच्या लढाईच्या धामधुमीत तोत्तोरीचं गाव जाळल्याचा ठपका त्याच्यावर आला, 1600 साली त्याला सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करावी लागली आणि गड ओस पडला. त्यानंतर कोणी वर नवं बांधकाम केलं नाही, म्हणून सोळाव्या शतकाच्या अखेरचं ते काम आज बऱ्याच अंशी तसंच दिसतं. उत्तर-दक्षिण चारशे मीटर पसरलेली माची एका नजरेत मावते, झाडं आड येत नाहीत. निव्वळ देखणेपणात ताकातोरी याच्या जवळपासही येत नाही, हे आधीच कबूल करतो.

आता माझं जिथे बिनसलं ते. 2014 च्या सुमाराला इथे वर्षाला पाच लाखांवर माणसं येऊ लागली. पायांखाली माती झिजली, जमिनीतली जुनी कौलं उघडी पडली, तट ढासळायची भीती वाटू लागली. मग तिकीट आलं (मी दिले तेव्हा 500 येन), जमिनीवर चटयांसारखे पट्टे अंथरले गेले, दोर बांधले गेले आणि वाट एकदिशा झाली. कारण अगदी पटतं. आपल्याकडे असं कोणी केलं तर मी टाळ्या वाजवीन. पण मी बालेकिल्ला, म्हणजे होनमारू, ओलांडून दक्षिणेच्या माचीवर आलो तेव्हा मागे ऊन नुकतंच तटावर चढलं होतं. वाटलं, परत जाऊन त्या कोपऱ्यात जरा टेकावं. चार पावलं मागे गेलो असेन, तोच टोपीवाले काका दोन्ही हात पुढे करून, कमरेत वाकून, अतिशय गोड आवाजात म्हणाले, "कोचिरा." इकडून. मी 'सुमिमासेन', माफ करा, म्हणून पुढे निघालो. पुढची वाट थेट उतरणीची होती. इतक्या पहाटे उठून, इतकं चढून मी गडावर पाऊण तासही नव्हतो, आणि त्यातला बराचसा वेळ दोराच्या अलीकडून दगड बघण्यात गेला. एकाही दगडाला पाठ टेकली नाही. हे कदाचित माझंच असेल. पण गडावर पोचल्यावर तासभर काही न करता बसणं हा ज्यांना ट्रेकचाच भाग वाटतो, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

ताकातोरीला तिकीट नाही, दोर नाही, आणि खरं सांगायचं तर माणसंही नाहीत. ओसाकातल्या आबेनोबाशी स्टेशनातून किन्तेत्सु रेल्वेची गाडी पकडायची, तासाभरात त्सुबोसाकायामा. स्टेशनातून निघालं की तोसा-काइदो नावाचा जुना रस्ता लागतो. शिकोकूतल्या तोसाहून मजुरीला आणलेली माणसं इथेच राहिली म्हणून हे नाव, असं सांगतात. मग सुगीचं, म्हणजे जपानी सीडरचं, काळोखं जंगल आणि खरा चढ. साडेचारशे मीटरच्या आसपास चढायचं, मला निवांत दोन तास लागले. आधी सात वळणं, 'शिचिमागारी'. पुढे 'इश्शोझाका' नावाची छातीवर येणारी चढण. गडाचे दगड इथून वर ओढणाऱ्या मजुरांना एक 'शो' तांदूळ जास्तीचा मिळायचा, म्हणे. एक शो म्हणजे 1.8 लिटर. मी मध्येच थांबून पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं आणि हिशेब केला, तांदूळ कमीच पडला असणार.

पुढे वाटेच्या कडेला 'सारुइशी' बसलाय. माकडासारख्या तोंडाचा, शेवाळलेला, गुडघ्याएवढा दगड, असुकाहून आणून गडाच्या हद्दीवर ठेवलेला. तिथून वर तटामागून तट लागतात. दरवाजांची वळणं अशी की रायगडाची गोमुखी बांधणी आठवावी. दिसणार काहीच नाही आणि अंगावर मात्र तिन्ही बाजूंनी मारा. 583 मीटरच्या माथ्यावर होनमारूचा तट बाराएक मीटर उंच उभा आहे आणि त्यावर झाडं चढलीत. ओची घराण्याने चौदाव्या शतकात सुरुवात केलेला हा गड होंदा घराण्याने वाढवला, 1640 पासून मेइजी काळापर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, उएमुरा घराण्याकडे होता. जपानच्या तीन मोठ्या डोंगरी किल्ल्यांत त्याची गणना होते, पण झाडीमुळे तो पूर्ण असा कधी दिसतच नाही. ही त्याची मोठी उणीव. नकाशा हातात नसेल तर आपण नेमके कुठल्या माचीवर आहोत तेही कळत नाही. पाऊस होऊन गेला असेल तर सुगीच्या पानांवरून पाय हमखास घसरतो. मी उतरताना लाकडी पायऱ्यांवर असा बसलो की पँट फाटली.

तरीही कुनिमी बुरुजाच्या जागेवर, जिथून यामातोचं सखल मैदान आणि त्यातल्या तीन टेकड्या दिसतात, मी चपाती-ठेचा खाल्ला, बूट काढले, ऊन सरकेल तसा मीही सरकत राहिलो. वरच्या दोन तासांत भेटली तीन माणसं. एक आजोबा जवळ येऊन बसले, ठेच्याचा वास घेतला, मान हलवली आणि स्वतःचं ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, पुढे केलं.

तेव्हा कोणी विचारलंच तर मी असं सांगतो. आई-बाबा भारतातून आले असतील तर ताकेदाच करा. बस बऱ्यापैकी वर नेते, फोटो हमखास चांगले येतात, आणि दोर असल्याने त्यांची काळजीही राहत नाही. धुक्यासाठी जायचं तर मुक्काम धरा, आणि जानेवारीच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेर गड बंद असतो हे लक्षात ठेवा. स्वतःपुरतं जायचं असेल तर, मला वाटतं, ताकातोरी बघा. उतरताना त्सुबोसाका-देरा या बौद्ध देवळाच्या बाजूने या, वाटेत खडकात कोरलेले पाचशे राकान, म्हणजे बुद्धाचे शिष्य, भेटतात. देवळापासूनच्या बसच्या भरवशावर मात्र राहू नका. दिवसाला मोजक्याच असतात. मी वेळापत्रकापाशी पोचलो तेव्हा शेवटची गेलेली होती, आणि फाटक्या पँटीने स्टेशनपर्यंत चालत आलो.