जीएसएम मॉड्यूल, सात महिन्यांनंतर: पोर्ट मिटून उघडला की मॉड्यूल रीसेट

मागच्या महिन्यात पाण्याची टाकी दोनदा कोरडी पडली आणि दोन्ही वेळा मला एकही मेसेज आला नाही. पाणी कमी झालं की फोनवर मेसेज यावा एवढ्यासाठीच तर हे जीएसएम मॉड्यूल, म्हणजे सिम घालून मेसेज पाठवणारं उपकरण, घेतलं होतं. पहिले पाच महिने त्यानं एकदाही दगा दिला नाही, सहाव्यात सगळा भरवसा घालवला आणि सातव्यात, म्हणजे आत्ता, ते पुन्हा चोख चाललं आहे. मधल्या काळात काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण अशा बोर्डावर कमांड लाइनवरून काम करणाऱ्या कोणालाही हेच होऊ शकतं.

बोर्ड नेहमीचाच. एका टोकाला यूएसबी, मध्ये यूएसबी-सिरियल चिप (संगणकाला मॉड्यूलशी बोलायला सिरियल पोर्ट देणारी), पलीकडे जीएसएम मॉड्यूल, सिमचा खण आणि अँटेना. २जीचा आहे, त्यामुळे जिथे २जी बंद झालं तिथे त्याचा उपयोग नाही. माझ्याकडे तो एका छोट्या लिनक्स संगणकाला जोडलेला आहे आणि पातळी खाली गेली की शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहून ठेवलेली छोटी फाइल, मेसेज पाठवते. पायथन किंवा वेगळी लायब्ररी मी मुद्दाम टाळली. त्या संगणकात मेमरी बेताची आहे, आणि एसटीटीवाय (पोर्टची सेटिंग बदलणारी कमांड) व प्रिंटएफ (मजकूर पाठवणारी) त्यात आधीपासून होतेच. जे आहे त्यात भागतं तर नवीन कशाला भरायचं, हा माझा स्वभाव. पुढचा घोटाळाही याच स्वभावातून झाला.

पहिल्या आठवड्यातल्या अडचणी भराभर सांगते. वीज: जीएसएम मॉड्यूल प्रक्षेपण करताना दोन अँपिअरपर्यंतचे झटके घेतं. झटका जेमतेम ५७७ मायक्रोसेकंदांचा, पण यूएसबी २.० पोर्टकडून अधिकृतपणे ५०० मिलिअँपिअरच मिळतात. वेगळा पुरवठा आणि एक मोठा कपॅसिटर लावल्यावर तो प्रश्न मिटला. दुसरी अडचण ओळीच्या शेवटाची. मॉड्यूलला द्यायच्या, 'एटी'नं सुरू होणाऱ्या एटी कमांडच्या शेवटी कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परतण्याचं चिन्ह) लागतो, आणि शेलची एको ही कमांड नुसता लाइनफीड (नव्या ओळीचं चिन्ह) पाठवते. म्हणून प्रिंटएफ वापरायचा आणि शेवटी उलटी तिरकी रेघ व आर लिहायचं.

तिसरी अडचण शिकण्यासारखी होती. लिनक्समध्ये नव्यानं लावलेला सिरियल पोर्ट मुळात टर्मिनल म्हणून वागतो, म्हणजे आलेलं अक्षर परत पाठवतो. मॉड्यूलही मिळालेली कमांड परत पाठवतं. मी एकदा 'एटी' पाठवलं. मॉड्यूलनं तेच परत धाडलं, लिनक्सनं ते पुन्हा मॉड्यूलकडे फिरवलं, मॉड्यूलला वाटलं नवी कमांड आली. एटी, ओके, एटी, ओके असं दोघांचं रात्रभर चाललं होतं आणि सकाळी लॉगची फाइल फुगलेली. उपाय दोन्हीकडून करायचा. पोर्टवर एसटीटीवायनं 'रॉ' (अक्षरं जशीच्या तशी) आणि 'वजा एको' (परत पाठवणं बंद), आणि मॉड्यूललाही तेच सांगणारी 'एटीई०'.

त्यानंतर मात्र मी या मॉड्यूलवर खूश होते. 'एटी+सीएसक्यू' विचारलं की सिग्नलचा आकडा येतो. माझ्याकडे बहुधा १७ असतो. आकड्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मिळते, म्हणजे उणे ७९. 'एटी+सीएमईई=२' दिल्यावर नुसत्या एरर ऐवजी कारण शब्दांत कळतं; ही कमांड माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हवी. आणि खरा आनंद मराठी मेसेजचा. 'टाकीत पाणी कमी आहे' हे वाक्य आयकॉन्व्ह या कमांडनं यूटीएफ-१६ बिग एंडियन या अक्षरपद्धतीत बदललं, एक्सएक्सडी या कमांडनं त्याचे हेक्स (सोळाच्या पायाचे) आकडे काढले, मॉड्यूलला 'यूसीएस२' या अक्षरसंचावर आणलं, मेसेजची सेटिंग ठरवणाऱ्या 'एटी+सीएसएमपी'मध्ये शेवटचा आकडा ८ केला आणि मेसेज देवनागरीत आला. या पद्धतीत एका मेसेजला ७० जागा मिळतात आणि काना, मात्रा, हलन्त प्रत्येकी एक जागा खातात. 'क्ष' लिहायला तीन जागा जातात. माझं वाक्य मोकळ्या जागा धरून १८ जागांत, ७२ हेक्स अंकांत बसतं. आईला फोनवर इंग्रजी वाचायला त्रास होतो, त्यामुळे या एका सोयीसाठी मी बोर्डाच्या बाकी चुका माफ करायला तयार होते.

आता मूळ दुखणं.

माझी स्क्रिप्ट अगदी साधी होती. चार प्रिंटएफ, प्रत्येकाचा आउटपुट बाणाचं चिन्ह देऊन थेट पोर्टच्या फाइलमध्ये, मध्ये एक-दोन सेकंदांची विश्रांती. उत्तरं ती वाचत नव्हती. त्यासाठी पहिल्या दिवशीच मागे एक 'कॅट' चालू करून ठेवलं होतं. ते मॉड्यूलकडून येणारं सगळं एका फाइलमध्ये साठवत असे. पाच महिने सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस मनात आलं, ही फाइल कोणी बघत नाही, मेमरी कार्डावर उगाच लिहिणं होतंय, कार्ड लवकर झिजेल. कॅट बंद केलं. मेसेज यायचे थांबले ते त्या दिवसापासून, पण टाकी काही रोज रिकामी होत नाही, त्यामुळे मला ते तीन आठवड्यांनी कळलं. तोवर या दोन गोष्टींचा संबंध असेल असं मनातही उरलं नव्हतं.

पिकोकॉम, म्हणजे पोर्टवर हातानं टाइप करायचा प्रोग्रॅम, उघडून कमांड दिल्या, तर मेसेज गेला. स्क्रिप्ट चालवली, तर नाही गेला. पुन्हा हातानं, गेला. पुन्हा स्क्रिप्ट, नाही. त्याच कमांड, तोच वेग, तेच सिम. विश्रांतीचे सेकंद वाढवले, केबल बदलली, पुरवठ्याचा कपॅसिटर बदलला, सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहिलं. मग मॉड्यूलच बिघडलं असं ठरवून दुकानाला कळवलं आणि वॉरंटीत परत पाठवलं.

दहा दिवसांनी तेच मॉड्यूल परत आलं. सोबत व्हिडिओ: विंडोजवर त्यांचा तपासणीचा प्रोग्रॅम, बटण दाबलं, मेसेज गेला. मी लिहिलं की हातानं माझ्याकडेही जातो, प्रश्न स्क्रिप्टचा आहे. उत्तर आलं की कमांड लाइनवरचा वापर आमच्या सपोर्टमध्ये बसत नाही. या वाक्याचा मला अजून राग आहे. मॉड्यूलशी बोलायची भाषाच एटी कमांडची. १९८१ च्या हेजच्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेली ती भाषा माणसानं टर्मिनलवर टाइप करावी अशीच घडवलेली आहे. असं मॉड्यूल विकायचं आणि कमांड टाइप करणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचं, हे मला पटत नाही.

उत्तर शेवटी बोर्डावरच्या दिव्यानं दिलं. नेटवर्क मिळालं की हा दिवा साधारण तीन सेकंदांनी एकदा लुकलुकतो आणि शोध चालू असेल तेव्हा भराभर. एका संध्याकाळी दिव्यावर नजर ठेवून मी फक्त एक ओळ चालवली, नुसतं 'एटी' पोर्टमध्ये. संथ दिवा क्षणभर विझला आणि भराभर लुकलुकायला लागला. मॉड्यूल नव्यानं सुरू झालं होतं, तेही एका एटीनं. मग एका टर्मिनलमध्ये पिकोकॉम उघडं ठेवलं आणि दुसऱ्यात स्क्रिप्ट चालवली. मेसेज गेला. पिकोकॉम बंद करून पुन्हा चालवली, नाही गेला. त्या क्षणी कॅट आठवलं.

कारण असं. प्रोग्रॅम पोर्ट उघडतो तेव्हा लिनक्स डीटीआर ही रेषा चालू करतं, म्हणजे मोडेमला 'मी हजर आहे' असं कळवतं. पोर्ट उघडून बसलेला शेवटचा प्रोग्रॅम निघून गेला की ती रेषा सोडून देतं. हे सोडणं एका सेटिंगवर ठरतं, त्याचं नाव हपसीएल, 'हँग अप ऑन क्लोज' या शब्दांवरून आलेलं. लिनक्समध्ये यूएसबी-सिरियल पोर्ट नवा लावला की तो ९६०० वेगावर आणि हपसीएल चालू अशा स्थितीत येतो. जुन्या काळी ही सोय अगदी योग्य होती. माणूस टर्मिनल सोडून गेला तर टेलिफोनची लाइन तुटावी, बिल वाढू नये आणि त्याचं अर्धवट सत्र दुसऱ्याच्या हाती लागू नये.

आता बोर्ड. भिंगातून पाहिलं तर डीटीआरची रेघ एका बारीक सिरॅमिक कपॅसिटरमधून थेट मॉड्यूलच्या रीसेटकडे गेलेली आहे. चिपच्या पायावर डीटीआर चालू होणं म्हणजे व्होल्टेज खाली येणं. ते खाली आलं की कपॅसिटरमधून छोटासा धक्का जातो आणि मॉड्यूल रीसेट होतं. मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डांवर हीच रचना नवीन प्रोग्रॅम भरण्यासाठी असते, तिथे ती हवीच. माझ्या स्क्रिप्टमधला प्रत्येक बाण पोर्ट उघडून मिटत होता. चार ओळी म्हणजे चार रीसेट, तेही काही सेकंदांच्या अंतरानं, आणि मॉड्यूलला नेटवर्क शोधायला वीसेक सेकंद हवेत. पाच महिने त्या बिनकामाच्या कॅटनं पोर्ट उघडा धरून ठेवला होता, म्हणून डीटीआर कधी सुटलंच नाही. दुकानाचा प्रोग्रॅमही पोर्ट उघडाच ठेवतो, म्हणून त्यांना दोष दिसला नाही.

उपाय सोपा आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'एक्झेक' वापरून पोर्ट वाचायला आणि लिहायला एकदाच उघडा, त्याला ३ क्रमांक द्या, आणि पुढचं सगळं त्या क्रमांकावर लिहा, त्याच क्रमांकावरून वाचा. जोडीला एसटीटीवायनं 'वजा हपसीएल' करा, म्हणजे स्क्रिप्ट संपली तरी रेषा सुटत नाही. यूएसबी काढून लावलं किंवा संगणक पुन्हा सुरू झाला की हे सेटिंग पुसलं जातं, म्हणून मी ते यूडेव्हच्या नियमात (उपकरण जोडलं की लिनक्स आपोआप पाळतं त्या) घातलं आहे. लावल्यावर पहिल्यांदा पोर्ट उघडताना एक रीसेट होतोच, तो टाळता येत नाही. त्यामुळे स्क्रिप्ट आधी 'एटी+सीआरईजी?', म्हणजे नेटवर्क मिळालं का, हे विचारते आणि उत्तरातला दुसरा आकडा १ किंवा ५, म्हणजे मिळालं, येईपर्यंत थांबते. पिकोकॉम वापरत असाल तर 'नोरीसेट'चा पर्याय देऊन उघडा, नाहीतर बाहेर पडताना ते स्वतः डीटीआर सोडतं.

स्क्रिप्ट उत्तरं स्वतः वाचायला लागल्यावर जुनं कॅट मात्र परत चालू करू नका. एका पोर्टवर दोन वाचणारे असले की आलेली अक्षरं दोघांत विभागली जातात. एकाला 'ओ' मिळतो, दुसऱ्याला 'के', आणि स्क्रिप्ट ओकेची वाट पाहत बसते. अंदाजानं थांबणंही मी काढून टाकलं. मेसेज पाठवायच्या 'एटी+सीएमजीएस' या कमांडनंतर '>' हे चिन्ह आलं की मगच मजकूर, आणि शेवटी कंट्रोल-झेड.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं तेव्हा माझं मत पक्कं होतं: डीटीआरला जंपर (जोडणी तोडता येईल अशी छोटी टोपी) नसलेला बोर्ड घेऊ नये, आणि हा कपॅसिटर उपटून टाकावा. सोल्डरिंग आयर्न तापवून ठेवलं होतं. पण त्याच आठवड्यात मॉड्यूल खरोखर हँग झालं. एटीला उत्तर नाही, दिवा स्थिर. बोर्ड गच्चीवर टाकीजवळ एका बंद डब्यात आहे, रात्रीची वेळ, बाहेर पाऊस. मी खाली बसून स्क्रिप्ट थांबवली, हपसीएल पुन्हा चालू केलं, पोर्ट एकदा मिटला, परत उघडला. अर्ध्या मिनिटात सीआरईजीचं उत्तर आलं. ज्या रेघेला मी महिनाभर दोष दिला, तिनंच मला गच्चीवरची फेरी वाचवली. आता तीन वेळा एटीला उत्तर आलं नाही की स्क्रिप्ट हेच आपणहून करते. कपॅसिटर जागेवर आहे.

म्हणून बोर्डाबद्दलचा राग गेला, माहितीपत्रकाबद्दलचा गेलेला नाही. बारा पानांत मॉड्यूलचं वजन आहे, साठवणुकीचं तापमान आहे, डब्याचं चित्र आहे. डीटीआर रीसेटला जोडलेलं आहे हे कुठेही नाही. माझा एक महिना आणि येण्याजाण्याचा टपालखर्च त्या न लिहिलेल्या ओळीपायी गेला. दुकानाला मी पुन्हा लिहिलं आहे. पैसे मागितले नाहीत, भरपाई मागितली नाही. भिंगातून काढलेला फोटो जोडला आणि चौथ्या पानावर छापायची ओळही लिहून दिली: 'पोर्ट उघडताना डीटीआर बदललं तर मॉड्यूल रीसेट होतं, हे नको असल्यास हपसीएल बंद ठेवा.' दोन आठवडे झाले, अजून उत्तर नाही.