आयरिसची भूकंपशास्त्र कार्यशाळा: इंटर्नशिप मिळत नाही, तिची तयारी मात्र मोफत होते

अमेरिकेतल्या आयरिस या भूकंपशास्त्राच्या संस्थेची विद्यार्थी संशोधन इंटर्नशिप १९९८ साली सुरू झाली. पहिला आठवडा न्यू मेक्सिकोतल्या सोकोरो गावी भूकंपमापक हाताळण्यात जातो. मग आठ-दहा आठवडे एखाद्या विद्यापीठात एकच प्रश्न धरून काम, आणि डिसेंबरात अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूभौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अधिवेशनात त्याची मांडणी. योजना उत्तम आहे, पण पैसा तिथल्या सरकारी विज्ञान निधीचा असल्यामुळे अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलांनी जरूर अर्ज करावा; पुण्या-नांदेडहून करण्यात अर्थ नाही.

२०२० मध्ये कोरोनामुळे उन्हाळी इंटर्नशिपा कोलमडल्या, तेव्हा याच संस्थेने ऑनलाइन कौशल्य कार्यशाळा काढली. तिला शुल्क नव्हतं आणि देशाची अटही नव्हती. आयरिस २०२३ पासून अर्थस्कोप कन्सॉर्शियममध्ये विलीन झाली, त्यामुळे चालू वर्षाच्या तारखा अर्थस्कोपच्या संकेतस्थळावर बघाव्यात. लिनक्स ही संगणक प्रणाली, नकाशांसाठी जीएमटी, लहरींच्या नोंदींसाठी सॅक, आणि पायथन या संगणकीय भाषेतली भूकंपनोंदींसाठीची ऑब्स्पाय ही या कार्यशाळेची मुख्य सामग्री. आठवड्याचे सहा-सात तास काढून ठेवा. रविवारी रात्री एका बैठकीत उरकू म्हणणारे तिसऱ्या आठवड्यात गळतात.

पहिला अडथळा मशीनचा. लिनक्स आभासी मशीनवर (आपल्याच संगणकात चालणाऱ्या दुसऱ्या संगणकावर) चालवायचं असेल तर ८ जीबी रॅम हवी. बऱ्याच लॅपटॉपांत बायोसमधली (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधली) व्हर्च्युअलायझेशन ही आभासी मशीनची सोय बंद असते. ती चालू केल्याशिवाय ६४ बिटचा पर्यायच दिसत नाही. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या चिपवर इंटेलसाठी बनवलेली प्रत चालत नाही. सॅकसाठी अर्ज भरून परवानगी घ्यावी लागते, म्हणून तो पहिल्याच दिवशी टाका.

जीएमटीचा भाग सुरेख आहे, पण त्यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहायचा असतो. शाळेपासून उलटी सवय असल्यामुळे १७.४, ७३.७ असं लिहिलं जातं आणि कोयना थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. दुसरी चूक जुन्या उदाहरणांतून नक्कल मारण्याची: जीएमटीच्या सहाव्या आवृत्तीत नकाशा ‘बिगिन’ने सुरू करून ‘एंड’ने संपवतात; त्यात थर जोडण्यासाठीचे जुने के आणि ओ हे पर्याय तसेच राहिले की आज्ञा अडते.

खरा ऐवज ऑब्स्पायमध्ये आहे. भूकंपमापकाची नोंद डाउनलोड करताना ‘अटॅच रिस्पॉन्स’ हा पर्याय चालू ठेवा, नाहीतर पुढे उपकरणाची माहितीच सापडत नाही. मग सरासरी वजा करा, तिरपा कल काढा, दोन्ही टोकांना ५ टक्के टेपर द्या (म्हणजे टोकं हळूहळू शून्यावर आणा) आणि त्यानंतरच उपकरणाचा परिणाम काढून टाका, म्हणजे जमिनीची खरी हालचाल उरते. इथे ‘प्री-फिल्ट’ (कोणत्या वारंवारिता ठेवायच्या ती मर्यादा) न देता थेट विस्थापन, म्हणजे जमीन किती सरकली ते, मागितलं, तर अतिमंद वारंवारितेचा गोंगाट फुगतो आणि भूकंपाच्या जागी एक संथ डोंगर दिसतो. सेकंदाला २० नमुन्यांच्या नोंदीला प्री-फिल्टच्या मर्यादांचे ०.००५, ०.०१, ८, १० हर्ट्झ हे चार कोपरे चालतात. १० हर्ट्झच्या पलीकडे त्या नोंदीत काहीच नसतं.

वेळ सगळीकडे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आणि साडेपाच तासांचा हा फरक महाराष्ट्राच्या दोन्ही मोठ्या भूकंपांत तारीखच बदलतो. कोयनेचा धक्का आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४.२१ चा, भूकंपांच्या जागतिक यादीत तो १० तारखेला २२.५१ ला सापडेल. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, यादीत २९ तारीख. चुकीचा दिवस मागितला की कोरी रेघ हाती येते आणि दोष केंद्राला दिला जातो.

उणिवा दोन. भूरचनाशास्त्र फारसं नाही, त्यामुळे खटाटोप जमतो पण दख्खनच्या पठारावर भूकंप का होतात याचं उत्तर मिळत नाही. आणि उपकरण खड्ड्यात बसवणं, पातळी लावणं, केबल उंदरांपासून वाचवणं हे पडद्यावर शिकता येत नाही. सोकोरोच्या आठवड्याला तोड नाही.

नोंदी ज्या खुल्या साठ्यातून डाउनलोड करायच्या, त्यात भारतातली बहुतेक भूकंपमापन केंद्रं नाहीत. हैदराबादचं एचवायबी हे फ्रान्सच्या जिओस्कोप जाळ्यातलं केंद्र मात्र त्यात आहे. सरावासाठी २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा ७.८ चा भूकंप घ्या: मूळ वेळ यूटीसी ६.११, हैदराबादपासून अंतर साधारण १२ अंश (पृथ्वीच्या गोलावर मोजलेलं), म्हणजे पहिली लहर जेमतेम तीन मिनिटांत. नोंद मागताना लोकेशन कोडच्या (केंद्रातलं नेमकं उपकरण सांगणाऱ्या खुणेच्या) जागी तारांकन टाका; तिथे अंदाज बांधला की ‘डेटा नाही’ असं उत्तर येतं.

प्रमाणपत्रापेक्षा ही तयार झालेली नोटबुक (कोड आणि आकृत्या एकत्र असलेली फाइल) जास्त उपयोगाची. हैदराबादची एनजीआरआय ही भूभौतिक संशोधन संस्था, कराडची बोअरहोल (खोल विवराची) प्रयोगशाळा, डेहराडूनची हिमालयाच्या भूशास्त्राची वाडिया संस्था अशा ठिकाणी मार्गदर्शकाला पत्र लिहिताना, किंवा विज्ञान अकादम्यांच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपला (अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस) ‘मला भूकंपात रस आहे’ या ओळीऐवजी पहिली लहर खूण करून दाखवलेली एक आकृती द्या. अक्षावर एकक लिहिलेलं असू द्या, आणि ५० एमबीची फाइल जोडण्याऐवजी दुवा पाठवा.