बोर्ड बिघडला: फोन करावा की तिकीट टाकावे?

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पंपावर बसवलेला ईएसपी३२ (एका छोट्या संगणक-चिपवर चालणारा) कंट्रोलर बोर्ड पावसाळ्यात मधूनच रीसेट होतो. आता तो बनवणाऱ्या कंपनीला फोन करायचा की लेखी तिकीट, म्हणजे क्रमांकासह नोंदवलेली तक्रार, टाकायचे?

वेळेच्या बाबतीत फोन सरस वाटतो. पण पलीकडचा माणूस बहुधा "बंद करून चालू करा" एवढेच सांगतो आणि तुमचा प्रश्न अर्धामुर्धाच पुढे पोचतो.

पुराव्याच्या बाबतीत तिकीटच हवे. बोर्डावरचे संदेश संगणकावर वाचण्यासाठी ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या; ५ व्होल्टचा लावलात तर पिन जळू शकते. ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला (पाठवणारी पिन) आरएक्स (घेणारी पिन) जोडा, वेग ११५२०० बॉड ठेवा आणि रीसेट होईपर्यंतचा पूर्ण लॉग, म्हणजे संदेशांची नोंद, साठवा. त्यात 'ब्राउनआउट' (व्होल्टेज फार उतरल्याची खूण) दिसले तर आधी वीजपुरवठा तपासा: रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढताना बोर्डाच्या पिनांवर व्होल्टेज किती उतरते ते मोजा. वीज देणाऱ्या अडॅप्टरवर छापलेला आकडा पुरेसा नाही, कारण लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडते. कनेक्टरवर हिरवट गंज असेल तर त्याचा जवळून फोटो जोडा. खाऱ्या, दमट हवेत हे सर्रास होते. बोर्डाची आवृत्ती, फर्मवेअरचा (बोर्डातल्या सॉफ्टवेअरचा) क्रमांक आणि किती तासांनी रीसेट होतो तेही लिहा. स्क्रीनचा फोटो नको, मजकुराची फाइल द्या.

पाठपुराव्यालाही तिकीटच. वॉरंटीचा वाद झाला तर तारीख हाताशी राहते.

धूर, जळका वास किंवा थांबलेले उत्पादन असेल तर वीज तोडून आधी फोन, मग तिकीट. मधूनच येणाऱ्या बिघाडाला थेट तिकीट.