बिझनेस स्कूलवाल्यांची चार पुस्तकं, एक खरीप हंगाम वापरून

धंद्यावरचं पुस्तक वाचून आठवड्याभरात कुणी लिहिलेल्या अभिप्रायावर माझा फारसा विश्वास नाही. आठवड्याभरात सगळीच पुस्तकं चांगली वाटतात. म्हणून हंगाम उलटू दिला, दुकानाच्या उधारीची वसुली बऱ्यापैकी आटोपली आणि मग लिहायला बसलो.

आमचं लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, पिकांवरची औषधं. दादा आणि मी मिळून बघतो. दादाची थोरली लेक पुण्यात एमबीए करते. मे महिन्यात सुट्टीला आली तेव्हा तिने चार पुस्तकं आणली, सगळी मॅनेजमेंट शिकून बाहेर पडलेल्यांनी लिहिलेली. तिघं अहमदाबादच्या आयआयएमचे, एक जण हैदराबादच्या आयएसबीचा. ‘काका, नुसती वाचू नका, दुकानात वापरून बघा,’ म्हणाली. २०२५चा खरीप पुढे कसा जाणार आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

सगळ्यात जास्त हाताळलं गेलं ते रमा बिजापूरकरांचं ‘लिलिपुट लँड’, २०२४चं. त्यांचं म्हणणं असं की भारताची बाजारपेठ अवाढव्य दिसते, पण ती बनलीय थोडं कमावणाऱ्या आणि थोडं-थोडं खर्चणाऱ्या असंख्य घरांच्या बेरजेतून. त्यांना माल पुरवणारेही बहुतेक लहानच. मोठ्या कंपन्या मात्र कधीतरी येणाऱ्या जाड पाकिटाच्या मध्यमवर्गाकडे डोळे लावून बसलेल्या. दादा म्हणाला, ‘यात नवीन काय? सकाळी शटर उघडलं की हेच समोर उभं असतं.’ बरोबर आहे त्याचं. पण रोज समोर दिसतं ते मालाच्या ऑर्डरीत उतरतंच असं नाही. कंपनीची स्कीम लिटरच्या बाटलीवर असते, म्हणून दुकानदार लिटरची बाटली भरतो. दुकानात खुर्ची मिळते ती दहा एकरवाल्याला. पुस्तक वाचल्यावर जुनी बिलं काढून बसलो, तर औषधांची निम्म्याहून जास्त विक्री दोन-तीन एकरवाल्यांची निघाली.

त्यावरून एक गोष्ट केली. औषधाच्या लेबलवर मात्रा हेक्टरी असते, आणि आमचा शेतकरी विचारतो ‘एका पंपाला किती टाकू?’ पंप म्हणजे फवारणीची पाठीवरची टाकी. मधला हिशेब कुणीच सांगत नाही. हेक्टरी मात्रेला अडीचने भागलं की एकरी मात्रा. एकराला साधारण दोनशे लिटर पाणी धरलं तर पंधरा लिटरचे तेरा-एक पंप होतात. सोयाबीनवरच्या खोडमाशी आणि चक्रीभुंग्यासाठी क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के हे कीटकनाशक एकरी ६० मिली, म्हणजे पंपाला साडेचार मिली. असा नेहमीच्या औषधांचा पंपाचा हिशेब फळ्यावर लिहून काउंटरमागे लावला आणि एकराला पुरतील एवढ्याच बाटल्या पुढे मांडल्या. औषध फोडून सुटं विकता येत नाही, कायद्याने बंदी आहे, त्यामुळे लहान पॅकिंगला पर्याय नाही. फळ्याचा उपयोग असा झाला की लोक फळ्यापाशी थांबून आपसांत बोलायला लागले, आणि ‘थोडं जास्तच टाका, जोर येतो’ हे सांगणाऱ्यांचं जरा कमी चालायला लागलं.

पुस्तक मात्र सोपं नाही. घराघरांच्या पाहण्यांचे आकडे जागोजागी आहेत, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचायला घ्यावं तर दोन पानांत डोळा लागतो. आणि मला एक प्रश्न पडला तो शेवटपर्यंत तसाच राहिला. लहान बाटलीत प्रत्येक मिलीमागे किंमत जास्त पडते. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी त्यालाच औषध महाग. लहान गिऱ्हाईक ही केवढी मोठी संधी आहे हे कंपनीच्या कचेरीत बसून म्हणणं वेगळं, आणि तीच बाटली त्याच माणसाच्या हातात देताना त्याचा चेहरा बघणं वेगळं.

दुसरं पुस्तक पुलक प्रसाद यांचं, ‘व्हॉट आय लर्न्ड अबाउट इन्व्हेस्टिंग फ्रॉम डार्विन’. २०२३ला कोलंबिया युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेलं. प्रसाद सिंगापुरातून नालंदा कॅपिटल नावाचा फंड चालवतात आणि भारतातल्या कंपन्यांत पैसे लावतात. शेअरबाजाराचं पुस्तक खताच्या दुकानात कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण चारांतलं सगळ्यात ताकदीचं हेच निघालं.

त्यांची मांडणी तीन पायऱ्यांची आहे. आधी मोठी जोखीम टाळा. मग उत्तम धंदा रास्त भावात घ्या. आणि घेतल्यावर उगाच हात चाळवू नका. पहिल्या पायरीवर ते चुकांचे दोन प्रकार सांगतात. वाईट ठिकाणी पैसे अडकवणं ही एक चूक, चांगली संधी हातची जाणं ही दुसरी. दोन्ही एकदम टळत नाहीत, एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. ते पहिली टाळतात आणि दुसरीचं दुःख करत नाहीत. उधारीचा धंदा करणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. ‘त्या दुकानाने अमक्याला पन्नास हजारांचा माल दिला, आपण दिला नाही, गिऱ्हाईक गेलं’ हा सल आमच्या लाइनमध्ये प्रत्येकाला असतो, आणि त्या सलापोटीच पुढच्या वर्षी नको त्याला माल दिला जातो.

मे महिन्यातच एका कंपनीचा माणूस पिकांसाठीचं नवं टॉनिक घेऊन आला होता. हंगामाआधी एवढं प्लेसमेंट घ्या, म्हणजे एवढा माल आधीच दुकानात भरा, टार्गेट झालं की परदेशाची टूर. बायकांच्या कानापर्यंत टूर गेली की दुकानदार मऊ पडतो हे त्यांना पक्कं माहीत असतं. आम्ही घेतलं नाही. यात पुस्तकाचं श्रेय किती आणि आदल्या हंगामातल्या शिल्लक खोक्यांचं किती, ते मला सांगता येणार नाही.

पुस्तकातला कोल्ह्यांचा भाग माझ्या डोक्यातून जात नाही. सायबेरियात १९५९पासून द्मित्री बेल्याएव या शास्त्रज्ञाने रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग चालवला. निवड फक्त एका गुणावर, माणसाळलेपणावर. काही पिढ्यांत कोल्हे माणसाळले, पण त्यासोबत कान लोंबायला लागले, शेपट्या वळल्या, अंगावर पांढरे पट्टे आले. कुणी निवडलेलं नसताना हे सगळं मागोमाग आलं. प्रसाद कंपन्या निवडताना असाच एक आकडा आधी बघतात, धंद्यात गुंतलेल्या भांडवलावर परतावा किती मिळतो तो. तो वर्षानुवर्षं चांगला असेल तर बाकीचं बरंच काही चांगलं असण्याची शक्यता मोठी.

यावरून मी आणि दादा दोन रात्री भांडलो. उधारी द्यायची तर एकच गुण कोणता बघायचा? जमीन किती, हे दादाचं पहिलं उत्तर. मग म्हणाला ऊस आहे का, कारण कारखान्याचं बिल कधी ना कधी येतंच. शेवटी ठरलं ते असं: अडचण आली तर माणूस आपणहून दुकानात येऊन सांगतो का. जो सांगायला येतो तो बाकीच्या बाबतीतही सरळ असतो, मालाचा हिशेब पाठ ठेवतो, औषध उरलं तर पुढच्या फवारणीला वापरतो, दुसऱ्या दुकानातून रोखीने नेऊन आपल्याला टाळत नाही. (शेतकऱ्याची कोल्ह्याशी तुलना करतोय असं कुणी समजू नये. कोल्हे झालेच तर व्यापाऱ्यांत जास्त सापडतील.)

मग सप्टेंबर आला. मांजरा, तेरणा दोन्ही नद्या शिवारात शिरल्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात, शेंगांना जागेवर मोड, नदीकाठच्या जमिनी खरडून गेलेल्या. जे वाचलं ते ओलं आणि डागी. हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झालेला, पण असल्या मालाला आडतीवर तो देणार कोण? त्या दिवसांत दुकानात लोक आले ते माल घ्यायला नाही, सांगायला. ‘मालक, तुमचं बुडवायचं नाही, पण औंदा पाण्यानं सगळं नेलं.’ ‘हा सांगायला येईल’ म्हणून ज्यांच्या नावापुढे आम्ही जूनमध्ये खूण केली होती त्यातले बहुतेक आले. काही आले नाहीत, त्यात माझा शाळेतला एक मित्र होता.

इथंच या सगळ्या पुस्तकांची हद्द संपते. चारही पुस्तकं धुंडाळली, पण उधारीवर चालणाऱ्या गावातल्या दुकानासाठी चार पानं एकत्र सापडली नाहीत. आमचा माल जूनमध्ये जातो, मृगाचा पाऊस पडला की दोन-तीन आठवड्यांत. पैसा यायला दसरा-दिवाळी उजाडते. सोयाबीनचा भाव पडला तर शेतकरी माल घरात ठेवतो, मग आमचाही पैसा त्याच्या घरात. उरलेली उधारी तुरीच्या पैशावर जाते, तुरीवरून हरभऱ्यावर. कंपनीला मात्र ठरल्या तारखेला पैसे लागतात, आणि मधलं अंतर बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंद्यासाठीच्या फिरत्या कर्जावर, तरतं. प्रसाद कर्जबाजारी धंद्यापासून चार हात लांब राहतात. आमच्या लाइनमध्ये तसं राहायचं म्हटलं तर दुकानच उघडायला नको. हात न चाळवता बसण्याचंही तेच. युरियाची गाडी आज लागली तर आज उतरवावी लागते, उद्या २६६ रुपये ५० पैशांची ती गोणी दुसऱ्या दुकानात गेलेली असते, आणि तिच्यामागे बाकीचं गिऱ्हाईकही.

वसुली हे तर वेगळंच शास्त्र. लग्नात मागायची नाही. जावयासमोर मागायची नाही. बाजाराच्या दिवशी, विकलेल्या मालाची पट्टी (आडत्याचा हिशेब) हातात पडल्यावर, चहा पाजून मागायची. दादाला हे येतं, मला अजून नीट येत नाही. पुतणीला म्हटलं, यावर कुणी पुस्तक लिहीत नाही का? तर म्हणाली, ‘काका, तुम्हीच केस स्टडी आहात.’ अहमदाबादची संस्था १९६१ साली सुरू झाली तेव्हा हार्वर्डच्या मदतीने केस शिकवायची पद्धत तिथं आली, असं तिच्याकडून कळलं. एक धंदा, एक अडचण, एक निर्णय घेणारा माणूस, आणि वर्गात चर्चा. माझ्या मते या लोकांच्या लिहिण्यातही ती सवय दिसते. गोष्टीत एकच जण ठरवणारा असतो. आमच्याकडे ठरवणारे दादा, मी, शेतकरी, त्याची बायको, आडत्या आणि पाऊस.

तिसरं पुस्तक नवं नाही, २००८चं आहे: रश्मी बन्सल यांचं ‘स्टे हंग्री स्टे फूलिश’. अहमदाबादहून शिकून नोकरीऐवजी धंद्यात पडलेल्या २५ जणांच्या कथा. मराठीत मिळतं, त्यामुळे दादाने वाचलं ते हे एकच, आणि त्याला आवडलंही. वाचायला झरझर. नव्यांच्या शेजारी पुतणीने हे जुनं मुद्दामच ठेवलं असावं, कारण पुढे काय झालं ते आता बघता येतं. त्यात रेणुका शुगर्सचे नरेंद्र मुरकुंबी आहेत. आंध्रातला आजारी साखर कारखाना विकत घेऊन तो बेळगाव जिल्ह्यातल्या मुनोळीला आणायचा आणि ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांनाच भागधारक करायचं, ही गोष्ट ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला कळायला वेळ लागत नाही. पण २०१०मध्ये कंपनीने ब्राझीलमधल्या साखर कंपन्या घेतल्या, कर्ज डोईजड झालं, आणि २०१८पर्यंत कंपनीची सूत्रं सिंगापूरच्या विल्मारकडे गेली. हे २००८च्या पुस्तकात असणार कुठून? लेखिकेचा यात काही दोष नाही. तरी यशोगाथा वाचताना पुस्तकावरचं साल आधी बघायची सवय मला यातून लागली, आणि कर्जाबद्दल प्रसाद एवढे कडक का, हेही याच गोष्टीतून जास्त पटलं.

चौथं अंकुर वारिकू यांचं ‘मेक एपिक मनी’, २०२४चं. भाषा सोपी, सल्ला बहुतेक रास्त: आधी बचत बाजूला काढा, अडीअडचणीसाठी काही महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा, विमा आणि गुंतवणूक एकत्र करू नका. पण यातला सगळा हिशेब महिन्याच्या मापाने चालतो. आमच्या घरात पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. ‘सहा महिन्यांचा खर्च’ ऐवजी ‘एक बुडालेला खरीप’ असं धरून मी आकडा काढला तर तो एवढा मोठा निघाला की कागद दादाला दाखवलाच नाही.

कुणी विचारलं तर शेतीशी जोडलेला धंदा असणाऱ्याने आधी प्रसाद वाचावेत, इंग्रजी जमत नसेल तर पोराला वाचून सांगायला लावावं. बिजापूरकरांचं पुस्तक मालाची ऑर्डर काढायच्या महिनाभर आधी हातात असावं, ऐन हंगामात त्याचा उपयोग नाही. ते पुतणीने परत मागितलंय, मी अजून दिलेलं नाही. बन्सल लेकरांना द्यायला चांगल्या. वारिकूंचं पुस्तक मी दुकानात काम करणाऱ्या पोराला दिलं. आमच्याकडे एक तारखेला पगार फक्त त्याचाच होतो, आणि त्याने पाचशे रुपयांची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक, चालूही केली.