रेडियम पट्टीच्या नावाखाली १२,०५० रुपयांना फसलो

आधी आकडा सांगतो, कारण लाजेपोटी तो मी घरीसुद्धा महिनाभर खरा सांगितला नव्हता. बारा हजार पन्नास रुपये. लॉरीच्या रेडियम पट्टीचे, म्हणजे रात्री दुसऱ्या गाडीच्या दिव्यात चमकणाऱ्या चिकटपट्टीचे, ४,८५०, मागच्या मार्किंग प्लेटांचे २,६००, ‘ऑनलाइन सर्टिफिकेट’चे १,२०० आणि उसाच्या दोन ट्रॉल्यांचे प्रत्येकी १,७०० प्रमाणे ३,४००. त्यातले २,००० रोख दिले आणि १०,०५० फोनवरून पाठवले. हे नुसते पट्टी लावणाऱ्या माणसाला दिलेले. पुढं काय काय गेलं ते खाली येतंच.

मी अडाणी माणूस नाही. बी.कॉम. झालोय, बावीस वर्षं गाडीधंद्यात आहे. बेळगाव, कोल्हापूर, गोवा सगळीकडं माझी गाडी फिरते. तरी फसलो. का फसलो ते समजून घ्या, मग हसा.

माझी दहाचाकी २०१४ ची. गाडी आठ वर्षांच्या वर गेली की पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, दरवर्षी. यंदा मुदत २० नोव्हेंबरला संपत होती. त्याच वेळी कारखान्याचा हंगाम सुरू. बीडकडची टोळी येऊन पडलेली, मुकादमाला उचल दिलेली, ट्रॅक्टरवर भाचा. एक दिवस गाडी उभी राहिली तरी पोटात गोळा येतो. त्यात आरटीओ ऑफिसातला सगळा कागद कानडीत. बोलायला कानडी येतं मला, पण सरकारी कानडी वाचायचं म्हटलं की घाम फुटतो. ऑफिसच्या गेटाबाहेर झाडाखाली एक जण भेटला. पांढरा शर्ट, गळ्यात कसलंसं कार्ड, आणि तोंडात आपली मराठी. “मालक, कशाला काळजी करताय? कागद तुमास्नी कळायचा नाही, मी बघतोय की. आता साधं रेडियम चालत नाही, क्यूआरवालं लागतंय.” आमच्या एका पाहुण्याचं नावही त्यानं घेतलं. सीमेवरच्या माणसाला असल्या ठिकाणी कुणी मराठीत ‘मालक’ म्हटलं की तो निम्मा तिथंच विरघळतो. मी विरघळलो. त्या एका शब्दाचे पैसे मोजलेत मी.

९ नोव्हेंबरला दुपारी तो माझ्या अंगणात आला. पुढं पांढरी, बाजूंना पिवळी, मागं लाल. रंग बरोबर होते, म्हणून मी निवांत. तासाभरात तीन गाड्या उरकल्या. ना गंज खरवडला, ना थिनरनं पुसलं, चिखलावरच पट्टी दाबत गेला. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. “वहिनीचं खातं आहे, मालक.” मी पाठवले. बिल दिलं, त्यावर जीएसटी नंबर होता. नंबर असतो एवढंच मला ठाऊक. तो पंधरा अक्षरांचा लागतो आणि कर्नाटकातल्या दुकानाचा २९ नं सुरू होतो हे बी.कॉम. माणसाला ठाऊक असायला हवं होतं. त्या बिलावरचा नंबर २७ नं सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचा, आणि अक्षरं होती चौदा. दुकानाचा पत्ता मात्र बेळगावातला. बिल घेताना दहा सेकंद बोट ठेवून मोजलं असतं तर त्याला अंगणातच धरला असता.

पण ज्या क्षणानं माझी झोप उडवलीय तो हा नव्हे. १२ नोव्हेंबरची पहाट, साडेचारचा सुमार. दूधगाडी आमच्या गल्लीत वळली. तिच्या दिव्याचा झोत आधी शेजारच्या अण्णांच्या ट्रॉलीवर पडला आणि तिच्या मागची लाल पट्टी निखाऱ्यासारखी पेटली. मग झोत माझ्या ट्रॉलीवर आला. काही नाही. काळोख. पट्टी होती, लाल होती, पण पेटली नाही. मी दूधगाडीतच ड्रायव्हरशेजारी बसून घरी येत होतो, हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. मनात काय आलं? धूळ बसली असेल. ओलं फडकं घेतलं, पट्टी पुसली आणि चहा प्यायला आत गेलो. इतकं ढळढळीत समोर असताना मी फडकं मारलं! त्या क्षणी टॉर्च घेऊन परत बाहेर आलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मनात ऊसतोड होती, गाडीची पाळी होती, आणि खरं सांगायचं तर पैसे गेल्याचं कबूल करायची तयारी नव्हती.

१६ तारखेच्या रात्री कारखान्याच्या वाटेवर ट्रॉलीचा टायर बसला. भाच्यानं ट्रॅक्टर कडेला घेतला. उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा टिकतो कुठं? वायर उसात अडकून तुटते, म्हणून तर पट्टीचा आधार. एक पोरगं दुचाकीवरून येत होतं, वय एकोणीस. शेवटच्या क्षणी त्यानं हँडल फिरवलं, फाळक्याला, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या फळीला, घासून खड्ड्यात गेलं. उजवा हात मोडला, खांद्याला टाके. जीव वाचला, देवाची कृपा. दवाखान्यात ते मला एकच सांगत होतं, “मामा, डबा दिसलाच नाही हो.” डबा म्हणजे ट्रॉली. खर्च २३,७०० आला, तो मी दिला. त्याच्या आईसमोर मला वर बघवेना. आमची पट्टी नवी आहे, असं मी तिला छातीठोक सांगितलं होतं.

तीन दिवसांनी, १९ ला, लॉरी पासिंगला नेली. इन्स्पेक्टरनं पट्टीवर बॅटरी मारली, नखानं कोपरा उचलला, आणि गाडी बाजूला काढायला सांगितली. साधं स्टिकर होतं ते, वर चंदेरी शाईचा हात. नंबरप्लेट रंगवणारा दुकानात ठेवतो तसलं. सर्टिफिकेटवरचा क्यूआर स्कॅन केला तर नुसतं त्याच सर्टिफिकेटचं चित्र उघडलं. परत अस्सल पट्टी लावून घेण्यात २९ तारीख उजाडली. मुदत संपल्यावर दिवसाला ५० रुपये दंड, नऊ दिवसांचे ४५०. अस्सल पट्टी आणि प्लेटा तिन्ही गाड्यांना ११,३८०. सगळी बेरीज ४७,५८०. बुडालेल्या खेपा त्यात धरलेल्या नाहीत.

अस्सल कशी ओळखायची ते आता मला पाठ झालंय. एआयएस-०९० हे मानक लक्षात ठेवा. पट्टी ५० मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण दोन इंचांची. तिच्यावर कंपनीची खूण आणि इंग्रजी ‘सी’ अक्षर ठरावीक अंतरावर छापलेलं असतं, आणि ते वरून पुसून जात नाही. जवळून पाहिलं की मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दिसते. उन्हात काहीच कळत नाही, उन्हात सगळंच चमकतं. अंधार पडल्यावर तीसेक पावलं लांब जा, मोबाइलची बॅटरी कपाळाशी धरा आणि पट्टीकडं बघा. प्रकाश जिथून आला तिथंच परत पाठवायचा हे त्या पट्टीचं काम, म्हणून बॅटरी डोळ्याजवळ हवी. हात लांब करून धरली तर अस्सल पट्टीही मंद वाटते. पैसे देण्याआधी हे करा. लावणारा दुपारीच पैसे मागत असेल तर त्याला अंधार पडेपर्यंत बसवून ठेवा.

आता पोलिसांचं. पहिल्या दिवशी, “साहेबरु इल्ल री, नाळे बर्री.” म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण म्हणाले, तुम्हाला माल मिळालाय, बिल मिळालंय, ही फसवणूक नव्हे, ग्राहक कोर्टात जा. तिसऱ्या दिवशी बिलावरचा २७ दाखवला तर म्हणाले, माणूस महाराष्ट्राचा दिसतो, मोबाइलही तिकडचा, तिकडं तक्रार द्या. कोगनोळी नाका ओलांडून तिकडच्या ठाण्यात गेलो. तिथं काय? पट्टी कुठं लावली? कर्नाटकात. पैसे कुठून पाठवले? कर्नाटकातून. मग तिकडंच जा! मतं मागायला दोन्हीकडचे पुढारी या पट्ट्यात मराठीत येतात, कानडीत येतात. माझी तक्रार लिहून घ्यायला दोन्हीकडं एक पेन निघेना. हद्द कुणाचीही असो, तक्रार नोंदवून पुढं पाठवायची, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे. वकिलाकडून त्या कलमाची झेरॉक्स घेऊन गेलो. ती वाचली, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिली.

१९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. तो तरी लागला, तक्रारीचा नंबरही मिळाला, पण तोवर अकरा दिवस झाले होते आणि खात्यात शिल्लक काही नव्हतं. पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासात हा नंबर फिरवा. लाज वाटते म्हणून थांबू नका, मी थांबलो.

आरटीओ ऑफिसात तर कहर. “आम्ही एजंट नेमत नाही, बोर्ड लावलाय बघा.” बोर्ड आहे, कानडीत आहे. आणि बोर्डापासून वीस पावलांवर ते झाड आहे, ज्याखाली हा माणूस रोज सकाळी दहाला खुर्ची टाकून बसायचा. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याच्यासमोरून आत जायचे. त्या खुर्चीचा माणूस कोण, असं विचारलं तर एकालाही नाव आठवेना. अहो, त्याचा चहा तुमच्याच कॅन्टीनमधून येत होता!

अजून एक, उसवाल्यांसाठी. पट्टी वर फाळक्यावर लावली की लोंबलेल्या उसाखाली झाकून जाते. खालच्या चॅनेलवरही, म्हणजे ट्रॉलीच्या लोखंडी पट्टीवरही, लावा आणि आठवड्यातून एकदा चिखल पुसा. अस्सल सर्टिफिकेटचा क्यूआर स्कॅन केला तेव्हा माझ्या गाडीचा नंबर, चॅसी नंबर आणि लावलेल्या पट्टीचे फोटो निघाले. तुमच्या क्यूआरमधून तुमची गाडी निघत नसेल तर तो कागद फाडून टाकू नका, पुरावा म्हणून जपा.

गेल्या मंगळवारी रात्री कारखान्याच्या यार्डात ट्रॉल्यांची रांग लागली होती. मी बॅटरी कपाळाशी धरून रांगेच्या कडेनं चालत गेलो. एकेचाळीस ट्रॉल्या पाहिल्या. सात पेटल्या नाहीत. सातही मालकांना फोन लावून विचारलं, लावणारा कोण होता. सातही जणांनी तोच मोबाइल नंबर सांगितला, त्यातल्या दोघांनी तर ‘वहिनीचं खातं’ पण सांगितलं. येत्या सोमवारी आम्ही आठ जण मिळून ठाण्यात जातोय, आठ बिलं आणि आठ सोललेल्या पट्ट्या घेऊन.